आजारी वारकऱ्याला थांबवायचे कोणी?

मावळातल्या सुदुंबऱ्याला संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजींचा जन्म १६२४ साली चाकणला झाला. घराण्याचा धंदा तेलाच्या घाण्याचा. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक, आणि तुकोबांचे अभंग कागदावर उतरवून ठेवणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या समाधीची एक कथा मावळात लहानथोर सगळेच सांगतात. दोघांपैकी जो मागे राहील त्याने पुढे गेलेल्याला मूठमाती द्यायची, असा शब्द तुकोबा आणि संताजींनी एकमेकांना दिला होता. तुकोबा आधी गेले. पुढे संताजींनी देह ठेवला, तेव्हा गावकऱ्यांनी कितीही माती लोटली तरी त्यांचा चेहरा झाकला जाईना. शेवटी तुकोबा वैकुंठाहून आले, त्यांनी स्वतःच्या हाताने माती दिली आणि मगच समाधी पुरी झाली. कथेचा खरेखोटेपणा तपासत बसण्याचे कारण नाही. ज्या संप्रदायाने ती जपली त्याच्या लेखी माणसाला निरोप कसा द्यावा ही केवढी गंभीर गोष्ट आहे, एवढे तिच्यातून कळते. याच सुदुंबऱ्यातून आषाढीसाठी संताजी महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. जवळच्या देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. या वाटांवर रोज पहाटे हजारो घरांच्या उंबऱ्यांवर निरोप घेतले-दिले जातात. त्यातला एक निरोप मात्र आपण फार सहज उरकतो. रात्रभर तापाने फणफणलेला वारकरी सकाळी उठतो, यजमानांना नमस्कार करतो आणि दिंडीत जाऊन उभा राहतो.

वारीतल्या आरोग्यावर आपण बोलतो ते डॉक्टर, औषधे, रुग्णवाहिका आणि पाण्याचे टँकर यांच्या भाषेत. या सगळ्यांची गरज आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्यांत खरोखर सुधारणा झाली आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर धावते. ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या उपक्रमात सार्वजनिक आरोग्य विभाग पालखीमार्गावर उपचार केंद्रे उभारतो आणि दुचाकीवरून फिरणारे आरोग्यदूत नेमतो. २०२३ साली वारकऱ्यांसाठी विमाछत्रही जाहीर झाले. त्यात मृत्यूनंतर वारसांना ५ लाख आणि वारीत आजारी पडल्यास उपचारांसाठी ३५,००० रुपयांपर्यंत तरतूद होती. तरीही आजारी माणसाचे पुढे काय होणार, हे ठरते ते उपचार केंद्रात पाय ठेवण्याच्या आधीच. आज निघायचे की थांबायचे, हा निर्णय पहाटे चार-पाचच्या सुमारास होतो. तो घेणारा माणूस स्वतः आजारी असतो, आणि ज्याच्या घरी तो उतरला आहे ते कुटुंब समोर हात जोडून उभे असते. आजची वारी या क्षणी त्याला निघायला सर्व बाजूंनी मदत करते. थांबायचे असेल तर मात्र कोणाचीच मदत नसते. माझ्या मते वारीच्या आरोग्यव्यवस्थेतली सर्वांत मोठी फट इथे आहे, आणि ती बुजवायला पैशांपेक्षा रीत बदलावी लागेल.

ती पहाट नीट पाहिली तर फट दिसते. पालखीचा दिवस इशाऱ्यांवर चालतो. पहिल्या इशाऱ्याला सामान बांधायचे, दुसऱ्याला तयार व्हायचे, तिसऱ्याला निघायचे. पथारी, पिशव्या, भांडी ट्रकमध्ये चढतात आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला रवाना होतो. जेवणाची भिशी भरलेली असते, म्हणजे आजचे दोन्ही वेळचे जेवण पुढच्या गावात शिजणार. ओळखीची माणसे, गोळ्यांची पिशवी, कोरडे कपडे, झोपायची जागा, सगळे सूर्य उगवायच्या आत पंधरा-वीस किलोमीटर पुढे सरकलेले असते. मागे राहणाऱ्याजवळ अंगावरचे कपडे आणि परक्याचे घर एवढेच उरते. अशा वेळी अंगात थोडी कणकण असलेला माणूस ‘चालताना बरे वाटेल’ असे म्हणतो. त्याला हट्टी किंवा अडाणी म्हणता येणार नाही. समोर ठेवलेल्या दोन पर्यायांतला सोपा पर्याय त्याने निवडलेला असतो.

यजमानाची अडचण आणखी नाजूक आहे. आपल्याकडे एरवी पाहुणा निघाला की ‘अजून दोन दिवस राहा की’ हा आग्रह ठरलेला. वारकऱ्याला तो कोणी करत नाही. अनेक घरांत एकच दिंडी पिढ्यान्‌पिढ्या उतरते. आजोबांनी ज्यांचे पाय धुतले त्यांच्या नातवंडांना आज सून वाढत असते. पण हा पाहुणा माउली आहे, त्याच्या पायावर वयाने मोठी माणसेही डोके ठेवतात. ज्याच्या पाया पडायचे त्याला ‘तुम्ही आज जाऊ नका’ असे कसे सांगायचे? वर पंढरीला निघालेल्याची वाट अडवल्याचा दोष लागेल की काय, ही भीतीही असते. मग काढा दिला जातो, पायाला तेल लावले जाते, सुंठ-साखर पुडीत बांधून दिली जाते आणि ‘जपून जा माउली’ म्हणत घरातली बाई वेशीपर्यंत चालत येते. या मायेत खोट काही नाही. रात्री त्या माणसाचे अंग किती तापले होते, त्याने किती वेळा उलटी केली, हे गावात फक्त याच घराला माहीत असते. आणि बोलायचा अधिकार नेमका त्यांनाच वाटत नाही.

वैद्यकाच्या बाजूने पाहिले तर ‘सकाळी ताप उतरला होता’ हे निघण्याचे कारण जितके सर्रास दिले जाते तितकेच फसवे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर डेंगी दरवर्षी डोके वर काढतो. या आजारात ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो, आणि धोक्याचा काळ सुरू होतो तो ताप उतरताना. पुढचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्तदाब ढासळू शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, कमालीची मरगळ ही त्याची चिन्हे. म्हणजे अंग गार लागले म्हणून पिशवी खांद्याला लावावी, आणि नेमका तोच दिवस पडून राहून लक्ष ठेवण्याचा असावा, असे होऊ शकते. दुसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्यांची. वारीत त्या चणेफुटाण्यांसारख्या वाटल्या जातात. जुलाबांनी किंवा घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना यांतल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तापाला साधी पॅरासिटामॉल बरी, तीही ठरलेल्या प्रमाणात. मधुमेह्याच्या तळपायाचा फोड हा आणखी एक प्रकार. पायातली संवेदना बोथट झालेली असते, त्यामुळे फोड फुटून चिघळला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. जुलाबांचे त्यातल्या त्यात सोपे, कारण मीठ-साखरेच्या पाण्याने बहुतेकांचे निभावते: उकळून गार केलेले लिटरभर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण ते घोट घोट दिवसभर प्यावे लागते. लघवी नीट होते आहे ना, उभे राहिल्यावर भोवळ येते का, हे कोणीतरी पाहावे लागते. दिवे घाटाच्या चढावर गर्दीत हे जमत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. डॉक्टर, औषधे, रुग्णवाहिका, टँकर हे सगळे पालखीबरोबर चालतात. पालखी गेली की गाव दुपारपर्यंत रिकामे होते. तात्पुरते केंद्र उचलले जाते, रस्त्यावर पत्रावळ्या आणि चिखल उरतो. मग आजाऱ्याने मागे राहणे म्हणजे उपचारांपासून लांब जाणेच नव्हे का? लहान गावापुरते हे खरे आहे, आणि म्हणूनच ‘जिथे बरे वाटत नाही तिथे थांबा’ हा उपदेश कुचकामी आहे. थांबण्याचीही जागा निवडावी लागते. पालख्यांचे वेळापत्रक या दृष्टीने वाचले तर बरेच काही हाती लागते. आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री असतात. ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. त्यानंतर लगेच ज्ञानोबांच्या सोहळ्यातला सर्वांत दमवणारा टप्पा येतो: दिवे घाट चढून सासवड, ३० किलोमीटरच्या आसपास. पुण्यात मधला एक पूर्ण दिवस हातात आहे, ससूनसारखे रुग्णालय पेठांना लागून आहे, आणि पुढे घाट आहे. कोणी पुढे जायचे, कोणी नाही, याचा निवाडा इथेच व्हायला हवा. दिंडीप्रमुखाने त्या दिवशी प्रत्येकाची विचारपूस करून ताप, जुलाब, पायाची जखम, संपलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या यांची नोंद केली, तर पुढच्या आठवड्यातली बरीच धावपळ वाचेल. पुढेही हेच सूत्र. एका वाटेवर फलटण, दुसरीवर बारामती, इंदापूर, अकलूज ही मोठे दवाखाने असलेली गावे आहेत. आजार अंगावर न काढता अशा गावापर्यंत वाहनाने यायचे आणि तिथे थांबायचे, हे लहान वस्तीत मागे राहण्यापेक्षा शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. नेम म्हणजे नेम. देह पडला तरी वारीत पडावा, याहून भाग्य कोणते, असे म्हणणारे वारकरी आहेत आणि त्यांच्या म्हणण्याची टिंगल करण्याचा मला अधिकार नाही. पण परंपरा काय सांगते ते परंपरेतच पाहावे. वारी एकाच साच्यात कधी गोठली नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सुरू केली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या सोहळ्याला शिस्त आणि स्वतंत्र रूप दिले. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पण ती एकाच माणसाने सात दिवस धरावी असा आग्रहही कोणी धरत नाही. पहारा बदलतो, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नेम अखंड राहतो. आणि २०२० व २०२१ साली करोनाच्या साथीत पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या, लाखो वारकरी घरी बसले. त्या दोन वर्षांत ज्यांची वारी पायी झाली नाही त्यांची वारी बुडाली, असे कोणत्या फडावर कोणी म्हटले? सगळ्यांनी मिळून थांबणे जर संप्रदायाला मान्य होऊ शकते, तर तापाने फणफणलेल्या एकट्या माणसाने चार दिवस थांबणे अमान्य असण्याचे कारण उरत नाही.

यजमानांची बाजूही ऐकायला हवी. एक रात्र पंचवीस माणसांना पिठले-भाकरी वाढणे वेगळे आणि अनोळखी आजाऱ्याला चार दिवस सांभाळणे वेगळे. काही बरेवाईट झाले तर? नातेवाइकांना काय सांगायचे? पोलिसांची चौकशी लागली तर? या भीतीत काहीच गैर नाही, आणि यजमानाच्या पुण्याईवर सगळे सोडून देणे हा अन्यायच ठरेल. विमा इथे उपयोगी पडत नाही. तो रुग्णालयाचे बिल देतो, ओटीवर दोन रात्री टाकलेल्या पथारीचा त्यात विचार नाही. म्हणून मागे थांबणाऱ्याची जबाबदारी दिंडीची असली पाहिजे. त्याच्याबरोबर दिंडीतला एक धडधाकट माणूस थांबेल, त्याची पिशवी ट्रकमधून उतरवली जाईल, गोळ्यांची नावे, घरचा फोन क्रमांक आणि दिंडी क्रमांक एका चिठ्ठीवर यजमानाला आणि गावच्या आरोग्य केंद्राला दिला जाईल, एवढे झाले तरी यजमानाच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल. सरकारने २०२४ साली दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचे जाहीर केले होते. अशा मदतीबरोबर ही एक अट घालायला हरकत नाही. दिंडीवाल्यांना ती जाच वाटेल असे मला वाटत नाही. शिवाय कळवण्याची व्यवस्था वारीत पूर्वीपासून आहे. ज्ञानोबांच्या सोहळ्यात मुक्कामावर समाजआरती होते. चोपदाराने चोप उंचावला की अफाट जमाव क्षणात शांत होतो; मग हरवल्या-सापडल्या वस्तू आणि दिंड्यांच्या तक्रारी पुकारल्या जातात. जिथे हरवलेल्या पिशवीची घोषणा होते तिथे ‘अमक्या दिंडीतली माउली तमक्या गावी थांबली आहे’ हेही सांगता येईल. त्याने निरोप पोहोचेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे थांबणे ही लपवायची गोष्ट उरणार नाही.

लपवण्याचा हा मुद्दा बायकांच्या बाबतीत फार खरा असावा. ज्या बाईला वर्षातून हेच तीन आठवडे घराबाहेर स्वतःचे म्हणून मिळतात, ती आजारी आहे असे घरी कळले तर पुढच्या वर्षी कोणी सोडेल का, हा हिशेब तिच्या डोक्यात असतोच. तिला तिची दिंडी ‘थांब, आम्ही आहोत’ असे म्हणणारी हवी. घरी फोन करून ‘घेऊन जा’ म्हणणारी दिंडी असेल तर ती ताप अंगावर काढेल आणि कोणाला कळूही देणार नाही.

‘आजारी निघाले ते पोहोचलेच की’ असेही ऐकू येते. पोहोचलेले पुढच्या वर्षी येऊन सांगतात. जे पोहोचले नाहीत त्यांचे अनुभव फडावर ऐकायला मिळत नाहीत, त्यामुळे हा पुरावा नेहमी एकाच बाजूला झुकलेला राहतो. शिवाय प्रश्न एकट्या आजाऱ्याचा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदपत्रांत पंढरपूरची यात्रा आणि पटकी यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा जोडीने येतो. यात्रेकरूंबरोबर रोग वाटेवरच्या गावांत आणि तिथून घरोघर जाई. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यातून यात्रेकरूंविषयी बरीच तुच्छता दाखवली, तो भाग सोडून देऊ. पण जुलाब झालेला माणूस रोज नव्या गावात, नव्या घरी, नव्या पाणवठ्यावर जातो तेव्हा आजारही त्याच्याबरोबर मुक्काम हलवतो, हे तेव्हा जितके खरे होते तितकेच आजही आहे. एका घरी थांबलेल्या आजाऱ्यापासून एका घराला धोका असतो, आणि तो साबण, उकळलेले पाणी व वेगळे भांडे यांनी बराच आवरता येतो.

सुदुंबरे, इंदुरी, तळेगाव, देहू या पट्ट्यातल्या वारकऱ्याचा आणखी एक पेच आहे. मावळात वारीचे दिवस आणि भाताच्या लावणीचे दिवस एकमेकांत गुंततात. रोपे टाकून, चिखल तुडवून, कामे कशीबशी मार्गी लावून माणूस निघतो, म्हणजे पहिल्याच दिवशी तो निम्मा दमलेला असतो. जे चाकणच्या कारखान्यांत कामाला आहेत ते मोजून रजा घेऊन आलेले असतात. घरच्यांनी लावणीचे ओझे अंगावर घेतले, साहेबाने रजा दिली, आणि आता तिसऱ्या दिवशी परतायचे, ही लाज तापापेक्षा जड जाते. पण मावळकराला एक सोयही आहे, जी सोलापूरच्या किंवा मराठवाड्याच्या वारकऱ्याला नाही: पुण्यापर्यंत तो जवळजवळ घराच्या अंगणातच असतो. पुण्याहून लोकल किंवा बसने तो दुपारी घरी पोहोचू शकतो, चार दिवस पडू शकतो, बरा होऊन पुन्हा दिंडी गाठू शकतो. घाट ओलांडल्यावर हे अवघड होते.

बरे झाल्यावर पुन्हा सामील होण्याची वाट तर उघडीच आहे. सगळ्या प्रमुख पालख्या वाखरीला एकत्र येतात आणि तिथून पंढरपूर चालत काही तासांचे आहे. आषाढीसाठी एसटी राज्यभरातून जादा गाड्या सोडते. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, बायकांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. आणि आजार अंगावर काढून चालणाऱ्यांत मोठा भरणा याच दोन गटांचा असणार. म्हणजे लोणंदला किंवा बारामतीला थांबलेल्या म्हाताऱ्या माउलीला दशमीच्या आत वाखरीत आणून सोडणे हा खर्चाचा प्रश्न राहिलेला नाही. तिला कोणत्या गाडीत बसवायचे, उतरल्यावर दिंडीचा तळ कुठे सापडेल आणि तिथे तिची वाट पाहत कोण उभे राहील, एवढेच आधी ठरवून ठेवायचे आहे. आणि ती आल्यावर ‘गाडीने आली’ म्हणून रांगेत मागे उभी करायची नाही, हे दिंडीप्रमुखाने पुण्याच्या मुक्कामावरच सगळ्यांसमोर सांगून टाकावे.